चंद्रभानचा गजराज, हरिदासचा तुफान

"गजराज कंपनीचा डबा म्हणजे डबा! नऊ वर्षं झाले, एकदा शिंकला नाई!" हरभऱ्याच्या धुऱ्यावर उभा राहून चंद्रभान सांगत होता, आणि ऐकत होता त्याचा साळा हरिदास. रोहण्यात दोघांची वावरं लागून. दोघांकडेही वानरं हाकलायला कार्ड टाकून वाजवायचा गाण्यांचा डबा. हरिदासचा तुफान कंपनीचा, कोरा करकरीत, म्हणून चंद्रभानच्या मते बिनभरवशाचा!

"भाऊजी, तुमच्या गजराजाले आता हार घाला," हरिदास म्हणाला. "आवाज बसला त्याचा!"

झालं! शर्यत ठरली. दोन्ही डबे दोन टोकांच्या झाडांना टांगायचे आणि सकाळपासून दिवस बुडेपर्यंत वाजवायचे. आधी बंद पडेल तो हरला.

काय वाजवायचं हा प्रश्नच नव्हता. अख्ख्या रोहण्यातली वानरं एकाच आवाजाला भीत, तो म्हणजे चंद्रभानच्या बायकोचा, लीलाबाईंचा. लेक आचलच्या बाळंतपणाला सावंगीला जाताना बाईंनी पिकाची सोय लावली होती. अर्धा तास खणखणीत आरडाओरडा कार्डात भरून ठेवला होता! "निघ! काऊन आला इकडे? तुह्या बापानं पेरलं का?" तेच दोन्ही डब्यांत घातलं.

बाईंना जाऊन महिना झाला होता. "मजेत आहो! घरात शांती आहे!" असं चंद्रभान सगळ्यांना सांगे. पण रोज दुपारची शिदोरी मात्र गजराजाच्या बाभळीखालीच सोडे. सावलीसाठी, म्हणे.

शर्यतीच्या दिवशी साडेअकरालाच गजराज खरखरला, घोगरा झाला आणि गप्प बसला. चंद्रभानने थापट्या मारल्या, बॅटरी काढून फुंकली, शेवटी हात जोडले. काही नाही! हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं भलतंच. त्याच्या टोकाचं वावर एकदम सुनं झालं आणि त्याला भाकर गोड लागेना.

तासभर दम धरून तो शिदोरीसकट हरिदासच्या टोकाला गेला.

"काऊन भाऊजी?"

"तुह्या डब्यावर नजर ठेवतो. लबाडी करशीन तू!"

हरिदास शहाणा. विहिरीवरची मोटार बघायला निघून गेला.

तुफानचा आवाज असा, की झाडाचा पाला थरथरे! बाई ओरडत होत्या, चंद्रभान भाकर मोडत होता आणि मधूनच "हो, हो" म्हणत होता. त्या गदारोळात खिशातला फोन अकरा वेळा वाजला, त्याला पत्ताच नाही. जेवलात का, म्हणून लीलाबाई रोज दुपारी फोन करायच्या. आज उत्तर नाही म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे साप, विहीर, मोटारीचा करंट, सगळं नाचून गेलं. बाळाला विहिणीच्या मांडीवर देऊन त्यांनी मिळेल ती एस्टी धरली.

चार वाजता येऊन पाहतात तर काय! रोज तेच ऐकून भीड चेपलेली पंधरा-वीस वानरं तुफानभोवती निवांत हरभरा खात बसलेली, आणि त्यांच्यात पाठमोरे आचलचे बाबा.

"अवो, फोन काऊन उचलत नाई?"

वानरं शेपट्या वर करून थेट नाल्यापार! चंद्रभान जागचा हलला नाही. "मानलं हरिदास," तो मागे न पाहताच म्हणाला, "तुफानच पास! आवाज कसा, अगदी घरातल्यावानी! पण हे फोनचं तिनं कधी भरलं रे?"

लीलाबाईंनी पुढे होऊन तुफान बंद केला. नवरा धडधाकट दिसला, डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्या आणखीच ओरडल्या. पुरा पाव तास, आणि सगळं नवं!

"मजेत आहो, मजेत आहो, असं काऊन सांगत होते मंग?"

"तू बाळाले सोडून येशीन म्हणून," चंद्रभान पुटपुटला. "जाशीन कधी परत?"

"उद्या सकाळच्या गाडीनं."

"मंग थांब जरा! कार्ड आणतो. आज बोलली ते सारं पुन्हा बोल. वानरांले जुनं पाठ झालं."

"आन् तुम्हाले?"

"मले बी झालं," चंद्रभान मान खाली घालून म्हणाला. "पण म्या कुठी पळून राह्यलो व?"