साक्षीदार समोर राहतात

गुपित ठेवावं तर मी! हिंजवडीच्या कंपनीत सात वर्षं परदेशी बँकेचे पासवर्ड सांभाळतोय, एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. म्हणून तर श्यामलेनं, म्हणजे आमच्या सौ.नं, मला ते सांगितलं. ती आमच्या मांजरी गावातल्या सोसायटीची सेक्रेटरी. पोलिसांनी फक्त तिलाच विश्वासात घेतलं होतं.

"अहो, समोर ते पोपटराव राहायला आलेत ना, ते जमिनी बळकावणाऱ्या टोळीतले. आता माफीचे साक्षीदार झालेत! टोळी त्यांना शोधतेय. कुणाजवळ बोललात तर बघा!"

"मी? छे!"

पोपट नावाच्या माणसाला टोळीत घेणाऱ्यांची मला कीवच आली. पण मग मनात आलं, मारेकऱ्यांनी चुकून आमची बेल वाजवली तर? दोन्ही दारं सारखी, दोन्हींवर तोच गणपती! कुरिअरवाला वर्षभर चुकतोय, हे काय पत्ता नीट वाचून येणार? कुकरची शिट्टी झाली की मी पलंगाखाली! जन्मात हेल्मेट न घातलेला मी, कंपनीच्या बसमध्ये हेल्मेट घालून बसू लागलो.

पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. श्यामला मंडईत गेलेली पाहून मी आमच्या दारावर सुवाच्य अक्षरात पाटी लावली:

'साक्षीदार येथे राहत नाहीत. समोर राहतात. गोळी झाडण्यापूर्वी खात्री करावी. नंतर तक्रार चालणार नाही.'

तासाभरात बेल वाजली. भोकातून पाहिलं. दोन दांडगे पुरुष, एकाच्या कमरेला पिस्तूल!

"वाचता येत नाही का? समोर!" मी आतून किंचाळलो.

"पोलीस! पोपटरावांना भेटायला आलोय. दार उघडा आधी!"

उघडलं. फौजदारांच्या हातात माझी पाटी होती. आवाज ऐकून समोरून पोपटराव बाहेर आले, आणि जिन्यातून भाजीची पिशवी घेऊन श्यामला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" फौजदारांनी विचारलं.

"बायकोनं!" मी म्हणालो. "ही काय, तुमच्या मागेच उभी आहे! सोमवारी, सव्वाआठला, पोळ्या लाटताना!"

श्यामलेच्या हातून पिशवी सुटली. पोपटराव फौजदारांकडे वळले.

"आयला! साहेब, माझं तोंड उघडायला तुमाला अकरा दिवस लागले. ह्यांना तर नीट दम बी दिला नाय कुणी!"

त्याच दुपारी पोपटरावांना दुसरीकडे हलवलं. श्यामलेचं सेक्रेटरीपद गेलं. टोळीची भीती आता उरलेली नाही, मला घरातच पुरेशी आहे. साक्षीदार तर मी झालो, पण माफी? स्वयंपाकघराच्या दारावर श्यामलेच्या अक्षरात पाटी लागली आहे:

'चहा व माफी येथे मिळणार नाही. समोर चौकशी करावी.'

समोर कुलूप आहे. मी दोनदा बघून आलो.