लेम्पीची पहिली रायफल

रायफल कशी निवडावी, हे मला विचारा! आमच्या उत्तर मिशिगनमध्ये पोरं बोलायच्या आधी हरणाचा माग काढायला शिकतात, आणि मी तर बोलायलाही लवकर लागलो होतो. त्यामुळे तेरा वर्षांची लेम्पी शिकारीची परीक्षा पास झाली तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "पोरीची पहिली रायफल मी निवडणार. मध्ये कुणी बोलायचं नाही!"

"कोण बोलतंय?" माझी बायको कारिन म्हणाली. "फक्त तिच्या खांद्याला झेपेल अशी आण, आर्वो."

बंदुकांच्या दुकानात मालक ऑर्व्हिलने लेम्पीचा हात मापला आणि एक आखूड, हलकी रायफल तिच्यापुढे धरली. लेम्पीने ती खांद्याला लावली. गाल दस्त्यावर असा टेकला, जशी काही घरची उशी!

"बाबा, हीच!"

"हिने हरणाला गुदगुल्या होतील! ऑर्व्हिल, ती वरची थोरली काढ. पोरगी वाढणार आहे."

"पोरगी वाढेल रे सावकाश," ऑर्व्हिल म्हणाला, "पण मोसम पंधरा तारखेला सुरू होतोय."

"बर्फातले बूटही तू असेच वाढत्या अंगाचे घेतले होतेस," लेम्पी म्हणाली. "मी पुढे जायचे, ते मागून यायचे."

"आणि थोरली धक्का फार देते," ऑर्व्हिल म्हणाला.

"धक्का? चला मागे, दाखवतोच!"

दुकानामागे नेमबाजीची जागा आहे. आता माझ्या स्वतःच्या बंदुकीवर दुर्बीण नाही, हिच्यावर होती. दुर्बिणीपासून डोळा चार बोटं लांब ठेवायचा असतो. मी तो शेजाऱ्याच्या खिडकीला लावावा तसा काचेला चिकटवला. ऑर्व्हिल ओरडला, "डोळा मागे घे!" कानांवर आवाज अडवणारे टोप होते, त्यामुळे मला फक्त "घे!" ऐकू आलं.

मी चाप ओढूनच घेतला! गोळी कुठे गेली, देव जाणे. दुर्बिणीची कड मात्र माझ्या भुवईवर अचूक बसली.

लेम्पीने शांतपणे रायफल उघडून रिकामी केली, खाली ठेवली, माझ्या कपाळावर मफलर दाबला आणि आईला फोन लावला.

"आई, बाबांना बंदूक लागली. कपाळात... रक्त खूप आहे... नाही गं, काहीच बोलत नाहीयेत—"

तेवढ्यात फोन कटला. आमच्याकडे रेंज अशीच, नेमक्या वाक्यावर जाते.

दवाखान्यात टाके घालताना लेम्पीने विचारलं, "मग हलकी घ्यायची ना?" कपाळात सुई असताना माणूस मान हलवू शकत नाही. तिने तो होकार धरला, आणि येताना हलकी घेऊनच आलो.

अंगणात गाड्याच गाड्या! पायऱ्यांवर पाद्रीसाहेब टोपी हातात घेऊन उभे. कारिन धावत आली, गळ्यात पडून हमसाहमशी रडली, मग पट्टी उचलून बघितली.

"एवढंच?"

"सहा टाके आहेत!"

"एवढ्यासाठी मी अख्ख्या गावाला फोन केले?"

मागून सासूबाई आल्या. कुणी गेलं की त्या जो मॅकरोनीचा थोरला ट्रे भाजतात, तोच दोन्ही हातांत. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "जावईबापू, हयात आहात होय? आता एवढं कोण खाणार?"

सगळ्यांनी खाल्लं. कुणी परत गेलंच नाही. लेम्पीची रायफल या हातातून त्या हातात फिरली. पाद्रीसाहेबांनी खांद्याला लावून बघितली आणि म्हणाले, "वा! निवड कुणाची?"

मी घसा साफ केला.

"माझी," लेम्पी म्हणाली.

मी घसा साफ केलाच होता, म्हणून निदान जेवून घ्यावं असा विचार करून ताट घेऊन रांगेत उभा राहिलो. ट्रेपाशी पोचलो, तर सासूबाईंनी डाव आखडता घेतला.

"तुम्ही जरा थांबा," त्या म्हणाल्या, "आधी सांत्वनाला आलेल्या मंडळींना घेऊ द्या."