लिंबाजीरावांनी चाखलेल्या शाळा

विद्यानगरकडची शाळा मचूळ. सिकंदराबादेत स्टेशनामागं एक आहे, ती गार, पण जरा लोखंडी. सुलतान बाजारातली मात्र गोड, एकदम गोड. पण काय करता, सातवीपर्यंतच.

हा शाळांचा अहवाल आहे. आमचे लिंबाजीराव तो असाच देत. लोक शाळेचा निकाल विचारतात, मास्तर मारकुटे आहेत का ते विचारतात, फार झालं तर मैदान बघून येतात. लिंबाजीराव हेडमास्तरांच्या खोलीत शिरले की खुर्चीत बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ते सगळं राहू द्या. आधी पाणी पाजा." समोरच्या बिचाऱ्यानं अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

आम्ही दोघं एकाच खात्यात, एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर कारकून होतो. राज्य नुकतंच फुटलं होतं. एका हैदराबादचे तीन तुकडे होऊन तीन दिशांना गेले होते आणि आमच्या खोलीत त्या तुकड्यांच्या फायली वेगळ्या काढायचं काम चाललं होतं. मराठवाड्याचा ढीग खिडकीपाशी, कर्नाटकाचा दारापाशी, आणि उरलेलं सगळं आमच्या डोक्यावर. फायलींसारखीच माणसंही वाटली जात होती. आज शेजारी बसून पान खाणारा माणूस उद्या औरंगाबादला जायचा आणि त्याच्या खुर्चीवर गुंटूरचा माणूस येऊन बसायचा. आम्हालाही विचारलं होतं, जायचं का मराठवाड्यात. मी परभणीकडचा, लिंबाजीरावही परभणीकडचेच. मी राहिलो, कारण सामान बांधायचा मला मनस्वी कंटाळा. लिंबाजीराव का राहिले, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिकडं सगळे वळखतात मला." ओळखीच्या माणसांत जायला का कचरावं, हे मला तेव्हा कळलं नाही. मला पुष्कळ गोष्टी कळत नसत, हे पुढं येईलच.

तर शाळेचा घोळ त्यांच्या कौशीसाठी होता. कौशी सातवी पास झालेली. पोरगी तल्लख आणि तोंडाळ, मराठी बोलता बोलता मध्येच गल्लीतल्या पोरींसारखं दखनीत शिरायची. तिला आता अशी सरकारी शाळा हवी होती, जिथं मॅट्रिकही होईल आणि पुढचे इंटरचे वर्गही त्याच आवारात असतील. "एकदा आत ढकलली की इंटर होऊनच भाईर," असा लिंबाजीरावांचा बेत. घाई होती ती कौशीच्या मामामुळे. मामानं गावाकडं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. जूनच्या अखेरीपर्यंत शाळेत नाव लागलं तर ठीक, नाहीतर पोरीला घेऊन जातो, असं तो ठणकावून गेला होता. कौशीची आई भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. लिंबाजीराव होते, पण त्यांच्या हातात दाखवायला शाळा तर पाहिजे!

आणि हा गृहस्थ गावभर पाणी पीत फिरत होता.

मी माझ्या मुलाची शाळा पाच मिनिटांत ठरवली होती. घरातून हाक मारली तर ऐकू यावी एवढ्या अंतरावर एक शाळा होती, तीत घातला. लिंबाजीरावांचं हे तिसऱ्या आठवड्यापर्यंत चाललेलं पाहून ऑफिसात थट्टेला ऊत आला. कुणी म्हणे यांना मधुमेह झालाय. कुणी म्हणे, मराठवाड्याचा माणूस, जन्मात पाणी पाहिलेलं नाही, आता फुकट मिळतंय तर पिऊन घेतोय. आमचे चपराशी करीममियाँ तर सकाळी त्यांना विचारायचे, "क्या लिंबाजीसाब, आज कौनसे मदरसे का पानी?" लिंबाजीराव त्यालाही गंभीरपणे उत्तर द्यायचे. पाणी मागायला त्यांना भाषेची अडचण नव्हती. पानी म्हणत, मंचि नीळ्ळु म्हणत, इंग्रजी बोलणारी बाई समोर आली तर "वॉटर, मॅडम" म्हणत. तीनही भाषांत त्यांना त्यापुढचं फारसं येत नसे.

रविवारी सकाळी ते आमच्याकडं पेपर वाचायला यायचे. ओसरीवरच्या बाकावर बसायचे. चहा व्हायचा. आईनं त्यांच्यासाठी निळ्या काठाचा एक कप वेगळा ठेवलेला होता, ओसरीच्याच कोनाड्यात. पाहुण्याचा मान, असं मी समजत होतो. म्हणजे तसं समजणं मला सोयीचं होतं. गंमत अशी, की गावभरच्या शाळांत पाणी मागणारा हा माणूस आमच्याकडं पाणी कधी मागत नसे. मी एकदा चेष्टेनं म्हटलंही, "काय हो, आमचा माठ नापास वाटतं?" ते हसले आणि पेपरचं पान उलटलं.

विद्यानगरकडच्या शाळेत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. शाळा नामांकित. हेडमास्तर स्वतः बोलायला बसले. लिंबाजीरावांनी नेहमीचं वाक्य टाकलं. चपराशानं ताटलीत पेला आणला. लिंबाजीराव प्याले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "हे मला झालं. पोरं कुठं पितात?"

हेडमास्तरांनी अभिमानानं नेऊन दाखवलं. झाडाखाली दोन रांजण, पुढं एक बाई उभी. पोरांनी ओळीनं यायचं, ओंजळ धरायची, बाई वरून धार सोडणार. "आम्ही कुणाला रांजणाला हात लावू देत नाही," हेडमास्तर म्हणाले. मला तर ही पद्धत फार आवडली. स्वच्छ, शिस्तीची. मी मान डोलावली. शेजारी पाहतो तर लिंबाजीराव फाटकाकडं निघालेले. भरलेला फॉर्म त्यांनी चार घड्या करून खिशात घातला होता.

"अहो, काय झालं?"

"पाणी मचूळ हाये," ते म्हणाले.

सिकंदराबादेत आणखी वेगळी तऱ्हा. तिथं पोरींसाठी माठच नव्हता. मुली घरून आपापलं पाणी आणत. लिंबाजीरावांनी तिथल्या बाईंना विचारलं, "मंग एकीचं दुसरी पीती का?" बाई दचकल्याच. मुळीच नाही, म्हणाल्या. झालं, तीही शाळा बाद. आता मात्र माझं डोकं सणकलं. जूनचे चार दिवस उरले होते. मी भर रस्त्यात त्यांना झापलं. "लिंबाजीराव, पोरीचं वर्ष जाईल! मामा येऊन उभा राहील, तेव्हा काय पाणी पाजून परत पाठवणार त्याला?" बरोबर कौशी होती, तिनं माझीच री ओढली. "बाबा, मैं पढनेको जाऊं की पीनेको? नक्को तुमची शाळा, मी मामाकडं जाते."

लिंबाजीरावांनी कौशीचा हात मात्र बसस्टॉपपर्यंत सोडला नाही.

शेवटच्या दिवशी मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघांना घेऊन निघालो. मुलींची एक जुनी सरकारी शाळा मला करीममियाँनी सांगितली होती. इंटरपर्यंत वर्ग, मराठी वर्गही अजून चालू. शाळा बघून माझाच धीर खचला. भिंतींचे पोपडे निघालेले, फाटक एका बिजागरीवर लोंबतंय. हेडमिस्ट्रेस तेलुगू, चष्म्यावरून बघणाऱ्या. तोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, मराठी वर्गाच्या निम्म्या मुली बापांच्या बदल्यांमुळे गेल्या, आणखी मुली आल्या नाहीत तर वर्ग बंद होईल. आज फॉर्म द्या, आजच नाव घालते. मी मनातल्या मनात पेढे वाटले. आणि आमच्या महाशयांनी टोपी मांडीवर घेतली.

"ते सगळं राहू द्या. आधी पाणी पाजा."

हेडमिस्ट्रेस वैतागून म्हणाल्या, चपराशीण बाहेर गेलीय, पाणी व्हरांड्यात आहे, घ्या आपलं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

व्हरांड्यात एक भला मोठा माठ होता आणि त्यावर जर्मनचा एकच मग. त्या मगावर पंचवीसतीस पोरी तुटून पडल्या. बुडव, पी, दुसरीच्या हातात दे. कुणी अर्धं पिऊन उरलेलं मैत्रिणीला दिलं, कुणी तिसरीच्या मानेवर ओतलं. सगळीकडं चिखल. मी नाक मुरडलं. असा गलिच्छ कारभार मी कुठल्या शाळेत पाहिला नव्हता. गेलं, हेही गेलं, असं म्हणून मी लिंबाजीरावांकडं पाहिलं. त्यांनी कौशीच्या पाठीला हात लावला होता.

"जा. पी."

कौशी घुसली. धक्के खाल्ले, दोन दिले, जर्मनचा मग हिसकावला, माठात कोपरापर्यंत हात घालून भरून घेतला. अर्धा प्याली असेल तोच लाल रिबिनीच्या एका पोरीनं तो तिच्या तोंडापासून ओढला आणि उरलेलं घटाघटा पिऊन टाकलं. कौशी तिला चिडून काहीतरी बोलली, ती पोरगी उलटून बोलली, आणि दोघी हसायला लागल्या.

"घाला नाव," लिंबाजीराव म्हणाले. हेडमिस्ट्रेस तिथं नव्हत्याच. ते माठाला म्हणाले.

फॉर्म देऊन आम्ही पायरीवर बसलो. कौशी आत वर्ग बघायला गेली होती. मी म्हटलं, "आता तरी सांगाल का, या घाणीत काय पाहिलंत?"

लिंबाजीरावांनी टोपी झटकली. "पाटीलसाब, गावात माझ्या चार यत्ता झाल्या. चार वर्सं साळंत माठाला हात लावला न्हाई. मास्तरची मर्जी असली तर कुणीतरी वरून वतायचं वंजळीत. मर्जी नसली की ऱ्हायचं तसंच. तहान लागली की मी पाढे म्हणायचो. म्हणून बगा माझे एकोणतीसपातुर पाढे लई पक्के." आणि हसले. खरोखरच हसले, अगदी खूश होऊन.

मला हसू येईना. त्यांची जात मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्यांच्या घरी बुद्धाची तसबीर लागली तेव्हा मी जाऊन अभिनंदनसुद्धा करून आलो होतो, फार सुधारलेला माणूस असल्याच्या थाटात. पण विद्यानगरला ती ओंजळीत पडणारी धार बघून मान डोलावणारा मीच होतो. आणि आमच्या ओसरीवरचा तो निळ्या काठाचा कप. बसमध्ये माझी मला इतकी लाज वाटली, की तिकीटही लिंबाजीरावांनाच काढावं लागलं.

रविवारी ते पेढे घेऊन आले. बरोबर कौशी, नव्या शाळेच्या गणवेशात, सुट्टी असूनही. लिंबाजीराव नेहमीसारखे ओसरीवरच्या बाकावर बसले. आई आत तांदूळ निवडत बसली होती. कौशीनं तिच्या हातावर पेढा ठेवला, वाकून नमस्कार केला आणि शाळेतल्यासारखीच सरळ माठाकडं गेली. झाकण काढलं, फुलपात्र आत बुडवलं आणि उभ्यानं पिऊ लागली.

"कौशे!" लिंबाजीराव ताडकन उठले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "भाईर ये आधी! भाईर ये!"

याच एका गोष्टीसाठी सगळं शहर पालथं घालणारा बाप आमच्या दारात पोरीला त्याच गोष्टीसाठी दटावत होता. मी बोलायला हवं होतं. कौशी फुलपात्र धरून उभी, बापाकडं बघत. आईचा हात तांदळात थांबलेला. तिच्या मनात काय चाललं होतं, मला आजही सांगता यायचं नाही. ती माठाकडं बघत राहिली, मग कौशीकडं, मग पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागली.

"झाकण नीट ठेव गं," ती म्हणाली. "माश्या बसतात."

कौशीनं झाकण ठेवलं. लिंबाजीराव उंबऱ्याशी तसेच उभे होते. मी ओसरीच्या कोनाड्यातला निळा कप उचलून आत आणला, पण तो कुठं ठेवावा हे न कळून हातात धरून खुर्चीवर बसलो. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग चपला काढल्या, उंबरा ओलांडून आत आले, माझ्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर बसले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ते सगळं राहू द्या, पाटीलसाब," ते म्हणाले. "आधी पाणी पाजा."

मी कप टाकून उठलो. माठातून तांब्या भरून दिला. निम्मा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. ते डोळे मिटून घटाघटा प्याले, तोंड पुसलं.

"कसंय?" मी विचारलं.

"मचूळ हाये," ते म्हणाले, आणि रिकामा तांब्या पुन्हा पुढं केला.