समीक्षकांना दिसलेलं धुकं

"भुताच्या सिनेमाला घाबरायला आपण काय कुक्कुलं बाळ आहोत?" जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता समीक्षक गरजले.

समीक्षक म्हणजे विमा कंपनीत दावे तपासणारे कारकून. हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. जुना सिनेमा म्हटला की त्यांचं मत तयार, कोणी मागायचीही गरज नसे! नायिकेला रडता येत नाही, नायक दाराला टेकवलेल्या छत्रीसारखा उभा राहतो, मध्यंतर चुकीच्या जागी आहे... लोकांचे दावे नामंजूर करावेत तितक्याच सहजपणे ते सिनेमे नामंजूर करत. त्या दिवशी विषय निघाला होता एका जुन्या कृष्णधवल भयपटाचा.

"मी एकट्यानं पाहिलाय तो! आणि भीतीचं सोडा हो, त्याचं खरं सौंदर्य कशात? धुक्यात! पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं धुकं! कॅमेरा धरणारा माणूस कवी असला पाहिजे, कवी!"

आता खरं काय ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. समीक्षकांनी तो सिनेमा चष्मा काढून पाहिला होता. भयपट लागला की ते हेच करत. चष्मा नसला तर त्यांना बायको आणि कपाट यांतला फरक कळत नसे, तिथे भूत काय दिसणार? चारचौघांत डोळे मिटले तर लोक हसतात; चष्मा पुसत बसलं तर कोणी ब्र काढत नाही. ही युक्ती फक्त बायकोला ठाऊक. पण गंमत अशी, की इतक्या वर्षांत त्या धुक्यावर खुद्द समीक्षकांचाच विश्वास बसला होता!

"धुकं?" पाठीमागून आवाज आला. ऑफिसच्या नव्या प्रमुख, मॅडम! "तो सिनेमा माझ्या बाबांनी चित्रित केलाय. रविवारी दुपारी वहिनींना घेऊन घरी या. बाबांना जाणकार माणूस भेटतच नाही हो."

समीक्षकांनी उचललेला घास परत डब्यात ठेवला. कारण तळघरातल्या जुन्या फायलींवर कोणाला बसवायचं, हे मॅडम याच आठवड्यात ठरवणार होत्या. तळघराला खिडकी नाही. दिवा मनात येईल तेव्हा जातो. कपाटं आपली आपण करकरतात. तिथला आधीचा माणूस निवृत्तीच्या दिवशी हमसून हमसून रडला होता. आनंदानं!

"सरळ सांगून टाका, मी घाबरतो म्हणून," रविवारी वाटेत बायको म्हणाली.

"शहाणीच आहेस! बाबा नाराज म्हणजे मॅडम नाराज, आणि मॅडम नाराज म्हणजे तळघर!"

बाबा खुर्चीत शाल पांघरून बसले होते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण ऐट अशी की जणू कॅमेऱ्याचा शोध यांनीच लावला. पडदे ओढले, टीव्हीवर सिनेमा सुरू झाला. समीक्षकांनी गुपचूप चष्मा खिशात सरकवला.

"वा! आलं धुकं!"

"कुठे?" बाबांनी मान पुढे काढली.

"हे काय, जिन्यावर!"

"जिन्यावर? अहो, पायरीची चीर न् चीर दिसावी म्हणून मी दिवसभर दिवे हलवत होतो!"

मोठी माणसं विनयशील असतात, असं समीक्षकांना वाटलं. "लपवू नका, बाबा! नायिकेच्या तोंडावर तर किती दाट सोडलंय! बाई आहे की उशी, कळत नाही!"

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. "अगं, दिवा लाव! यांना दिसतंय आणि मला दिसत नाही! डोळा गेला माझा!"

"बाबा, तुम्हाला काय दिसतंय?" मॅडम धावत आल्या.

"सगळं स्वच्छ दिसतंय! म्हणजे नक्की काहीतरी भयंकर बिघडलंय!"

मॅडम पांढऱ्याफटक. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावताना त्यांची बोटं चुकत होती.

"अहो, चष्मा लावा!" बायकोनं कोपर खुपसलं.

"नाही!"

"म्हातारा माणूस तुमच्यापायी आंधळा व्हायला निघालाय! लावा!" तिनं स्वतःच त्यांच्या खिशातला चष्मा काढला आणि नाकावर बसवला.

धुकं नव्हतंच! जिन्याची चीर दिसत होती, पडद्याचा धागा दिसत होता, आणि सिनेमातल्या खिडकीच्या काचेला नाक लावून भूत थेट समीक्षकांकडे बघत होतं!

समीक्षक ओरडले. ओरडले कसले, गिरणीचा भोंगाच झाला! चहाचा ट्रे उडाला, बिस्किटं उधळली, आणि पुढच्या क्षणी ते बाबांच्या खुर्चीमागे बाबांचीच शाल डोक्यावर घेऊन बसलेले.

"धुकं नाहीये!" शालीतून आवाज आला. "सगळं दिसतंय! बंद करा हो!"

"दिसतंय?" बाबांचा जीव भांड्यात पडला. "स्वच्छ?"

"दात न् दात!"

बाबांचे डोळे भरून आले. "इतकं मनापासून कोणी ओरडलं नव्हतं हो! हल्ली माझी नातवंडं हसतात याला!"

बायकोनं चष्म्याची सगळी हकिगत सांगून टाकली. मॅडमनी फोन ठेवला.

"म्हणजे तुम्ही घाबरता?"

"फार," शाल म्हणाली.

"बरं झालं कळलं. तळघरात मी तुम्हालाच पाठवणार होते. एकट्यानं भयपट बघणारा धीट माणूस ऑफिसात दुसरा कोण?"

शालीआड समीक्षकांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की शाल फुगली.

"पुढच्या रविवारी दुसरा लावू," बाबा हात चोळत म्हणाले. "हा तर अगदीच सौम्य! माझे भयपट ढीगभर आहेत. दर रविवारी एक! आणि चष्मा काढायचा नाही, सांगून ठेवतो!"

"येतील ना!" बायको म्हणाली. "चष्म्याला दोरी बांधूनच पाठवते."

सोमवारी ऑफिस उघडलं, तेव्हा समीक्षक आधीच मॅडमच्या टेबलासमोर उभे होते.

"मॅडम, ते तळघर... तिथे रविवारीही काम असतं का हो?"