बुजविलेली फट

सुज्ञ वाचकहो, उष्णतेने लोखंड फुगते, हे सत्य प्रस्तुत लेखक ग्रंथ न वाचता, केवळ भयाने थरथरत कसा शिकला, त्याचे यथातथ्य निवेदन येथे करीत आहे.

आमच्या कॉर्नवॉल प्रांतात कोणत्या खाणीचे वाफेचे इंजिन कमी कोळशात अधिक पाणी उपसते, याची यादी दरमहा छापली जाते. तीत आमचे इंजिन सातवे! इंजिनचालक मी, मला अन्न गोड लागेना. सिलिंडरात वरखाली सरकणाऱ्या दट्ट्याभोवतीच्या ओतीव बिडाच्या कड्याची टोके एकमेकांस भिडत नसत. मध्ये नखभर फट असे. वाफ तेथूनच निसटते, सबब हा कारागिराचा आळस होय, असे अनुमान काढून मी टोकास टोक भिडणारे नवे कडे बसविले.

आमचे वृद्ध भट्टीवाले झॅकीकाका म्हणाले, "फट ठेवणारा काय झोपेत होता, बाबा?"

"काका, आपण कोळसा टाका."

सकाळी इंजिन लोण्यासारखे चालले. तासाभराने कण्हू लागले आणि हट्टी बैलाप्रमाणे बसले. कडे तापून वाढले होते. वाढावयास जागा नव्हती. सबब त्याने सिलिंडरला मगरमिठी मारली होती.

पंप थांबला. खाणीत पाणी चढू लागले. तळाशी अकरा माणसे होती, आणि त्यांतच त्यांचे मुकादम, खाणीच्या भाषेत कॅप्टन, म्हणजे माझे सासरे हॉस्किन.

मी थंड पाण्याची बादली उचलली. काकांनी माझी मानगूट धरली.

"तापल्या बिडावर गार पाणी? तडकेल ते, मग पंप कायमचा गेला. फुगलंय ते निवलं की आकसेल. बस गप."

पंपाचा ठोका थांबला की सारे गाव घराबाहेर येते. माझी पत्नी लव्हडे आणि सासूबाई धावत आल्या. काय झाले, असे त्यांनी विचारता, वाफ आता मुळीच निसटत नाही, एवढेच मला सांगता आले.

पुढे खाणीतून वर येणाऱ्या शिड्यांच्या तोंडाशी, चिखलाने मेणबत्त्या चिकटविलेल्या टोप्या दिसू लागल्या. मी मोजल्या. नऊ. दहा. अकरावी दिसेना. लव्हडेने माझा हात सोडला.

मुकादम सर्वांच्या शेवटी चढतो, हे भयाने मी विसरलो होतो. सासरे छातीपर्यंत भिजून वर आले. मी डोळे मिटून गाल पुढे केला.

"खाली देवाला शब्द दिला," ते धापा टाकीत म्हणाले, "की वाचवलंस तर जावयाला हात लावणार नाही. त्यानं वाचवलं. आता आली का पंचाईत!"

सायंकाळी जुने कडे, फटीसह, बसले. सासूबाईंनी मात्र देवाला कसलाही शब्द दिलेला नव्हता.

येथवर वाचणाऱ्यांचा ऋणी,
जेबेझ ट्रेगियर