पितळी डब्याची पावती

मूर्तिजापुरात वेळेवर चालणाऱ्या दोनच गोष्टी आहेत. एक माझी बुद्धी. दुसरीचा तपास चालू आहे. मी केशवराव, आठवडी बाजाराच्या वसुलीतून निवृत्त झालेला आणि तेव्हापासून गुन्हेगारांच्या मागावर असलेला. टोपलीकडे पाहून मी माणसाचं चारित्र्य सांगतो. चूक झालीच, तर ती टोपलीची असते.

पावती फाडण्यात मी एकोणतीस वर्षं घालवली. बाजारात पावती फाडली म्हणजे पैसे घेतले. चौकात पोलिसानं फाडली म्हणजे पैसे घेतले आणि वर हेल्मेटवर भाषण दिलं. मित्रांनी आपल्या नावानं फाडली म्हणजे चहा त्यांनी प्यायचा आणि खिशात हात आपण घालायचा. पण घरोघरी फाडतात ती वेगळीच. केलं कोणी, नाव कोणाचं. निवृत्तीनंतर मी या शाखेत आलो. एक पावतीपुस्तक आणि शिक्का परत करायचे राहून गेले होते, ते कामी आले.

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या आशाबाईंनी पितळेची भांडी घासायला काढली, तर माहेरचा डबा गायब.

"झाकणावर मोर हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माह्या मायनं देल्ला होता."

मी वर्णन टिपून घेतलं. असा डबा मी जन्मात पाहिला नव्हता. घरी येऊन तो कागद नेहमीप्रमाणे आमच्या फडताळातल्या मोराच्या झाकणाच्या डब्यात जपून ठेवला. तपासाची गोष्ट बायकोला सांगायची नाही, हा माझा नियम आहे.

पहिला संशय मांजरावर होता. ओट्यावर पावलं होती. पण मांजराला झाकणासकट डबा न्यायचं कारण सापडेना. दुसरा संशय आशाबाईंचे यजमान नत्थुजी यांच्यावर.

"डबा विकून तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला का?" मी विचारलं.

"अरे बावा, त्या डब्यात वर्षभर पुरंल एवढा खर्रा येते," नत्थुजी म्हणाले. "मी तं दिवसाची एकच पुडी खाऊन राहिलो."

शिवाय नत्थुजी त्या घरचे मालक. बाजारातला माझा अनुभव असा की ट्रकवाल्याची पावती फाडायला गेलं तर तो आमदाराला फोन लावतो, आणि कोथिंबीरवाली म्हातारी मुकाट्यानं पैसे काढते. म्हणजे दोषी कोण, हे उघड आहे.

ओट्यापाशी माणिकबाई उभ्या होत्या. अकरा वर्षं तिथं धुणंभांडी करणाऱ्या. भांड्यांशी सर्वांत जास्त संबंध त्यांचाच. मी पावती लिहिली.

"काहून माह्या नावानं?" त्या म्हणाल्या. "मी डबा नेला असता तं आज घासाले आली असती का? या गल्लीत माह्यी पाच घरं हायेत, भाऊ. एकीनं चोर म्हणलं का पाची सुटतात."

"आरोपीनं शेवटी बोलायचं," मी म्हणालो आणि पावती फाडली. आशाबाईंनी त्यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

तेवढ्यात मागच्या दारानं माझी बायको पार्वताबाई आली. हातात पितळी डबा. झाकणावर मोर.

"लय उशीर झाला मा, आशाबाई," ती म्हणाली. "पोळ्याले तुमी पुरणपोळ्या धाडल्या होत्या ना, तो डबा. रिकामा कसा देऊ, म्हून करंज्यायची वाट पाहून राहिली होती." मग माझ्याकडे वळून, "तुमचे कागद काढून ठेवले फडताळात."

"अगं बाई," आशाबाई म्हणाल्या. "गडबडीत तोच हाती लागला होता."

"मला हाच अंदाज होता," मी म्हणालो. त्या डब्यातल्या नऊ पुरणपोळ्या मीच खाल्ल्या होत्या.

"झालं गेलं सोड, माणिकबाई," आशाबाई म्हणाल्या. "उद्या ये."

माणिकबाई जागच्या हलल्या नाहीत. "भाऊ, आता एक तुमच्या नावाची फाडा."

"अहो, पण डबा मिळाला ना."

"डबा मिळाला. तुमी फाडा."

नत्थुजींनी पेन पुढं केला. एकोणतीस वर्षांत मी स्वतःच्या नावाची पावती कधी लिहिली नव्हती. 'कशाबद्दल' या रकान्यात काय लिहू, असं विचारलं. माणिकबाई म्हणाल्या, "बिनचौकशीनं चोर म्हणलं, म्हून." तसंच लिहिलं. मला खरंच लाज वाटली. शिक्का मारायला विसरलो, तर तोही त्यांनी मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या पावती घेऊन पाचही घरी फिरल्या, कारण त्या चोर असल्याची बातमी तिथं आधीच पोचली होती. आमच्याकडे त्या कामाला नाहीत. तरी शेवटी आमच्याही दारात आल्या.

"वाचून पाहा, भाऊ. बराबर हाय ना?"

मी चष्मा लावून पूर्ण वाचली. अक्षर माझंच होतं. बरोबर होतं.