पाण्याच्या दिवशीचं ध्यान

माझे सासरे, अण्णा, एकतीस वर्षं रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा ध्यानाला बसतात. ध्यानाचे लाभ उघड आहेत. ब्लडप्रेशर उत्तम, झोप गाढ, आणि राग त्यांना येत नाही. तो यायच्या आत घरातले सगळे बाजूला होतात.

मागच्या महिन्यात त्यांच्या साधना केंद्रानं त्यांना 'आजीवन दैनंदिन साधक' हे प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं. अटी दोनच: ध्यानाची जागेवर पडताळणी व्हावी आणि घरातल्या एका साक्षीदारानं सही करावी. दिवस ठरला गुरुवार.

आमच्या सिडकोत नळ आठव्या दिवशी येतो. या खेपेला तो गुरुवारीच, पावणेसहा ते साडेसहा येणार होता. मोटर लावल्याशिवाय पाणी टाकीत चढत नाही. टाकीत तळाला वीतभर उरलेलं, आणि माझ्या आठ महिन्यांच्या मनूला जुलाब लागलेले. तिचे बाबा नोकरीला पुण्यात.

"अण्णा, उद्या मोटर लावावी लागेल."

"कालिंदी, पाण्याची आसक्ती बरी नाही."

"आणि तुमची आंघोळ?"

"ती पावणेसातला. कढत ठेव."

गुरुवारी सव्वापाचला केंद्राचे पडताळणी अधिकारी पुंजारामजी आले. त्यांच्या मोबाइलात आवाज मोजायची सोय होती. "चाळीस डेसिबलच्या वर गेलं की प्रकरण फेरतपासणीला जातं," ते हळूच म्हणाले. "बाळाला तशी सूचना दिली आहे ना?"

मनूला मी खांद्याशी धरलं. तिच्या कोमट श्वासानं माझी मान ओली होत होती. ती कण्हू लागली की माझं बोट तिच्या तोंडात. नळ आला. धार वाजू नये म्हणून बादलीत दुपटं अंथरलं, आणि एका कडेवर लेक, दुसऱ्या हातात कळशी, अशी अनवाणी ये-जा करत राहिले.

पलीकडून वच्छलाबाई भिंतीवरून डोकावल्या. "अगं कालिंदी, नळ आलाय! मोटर लाव की. झोपलीस व्हय?"

पुंजारामजींनी लिहिलं: 'बाह्य व्यत्यय, एक. साधक अविचल.'

साडेसहाला नळ गेला. सात कळशा भरल्या होत्या. आठ दिवसांसाठी सात. अण्णांनी डोळे उघडले. चेहरा तृप्त.

"काय लाभ जाणवतो?" पुंजारामजींनी विचारलं.

"आता मी कशानंच विचलित होत नाही," अण्णा म्हणाले, न्हाणीघरात गेले, आणि तिथून ओरडले, "टाकीत पाणी का नाही? काय करत होतीस तासभर?"

मनू दचकून रडायला लागली. मोबाइलवर शहाऐंशीचा आकडा दिसला. पुंजारामजींनी घड्याळ पाहिलं. "सहा एकतीस. साधनेची वेळ संपली आहे. हा आवाज ग्राह्य धरता येत नाही."

मग त्यांनी शेवटचा रकाना वाचला. "घरातलं आणखी कुणी साधना करतं?"

"हिला कुठली जमायला," अण्णा आतून म्हणाले. "एका जागी तासभर टिकत नाही."

पुंजारामजींनी 'नाही' लिहिलं आणि साक्षीदाराची जागा दाखवली. मनूला कडेवर घेऊन मी सही केली.

हे सगळं तुम्ही एका बैठकीत वाचलंत. मध्ये उठावं लागलं नाही, कुणी हाक मारली नाही. अभिनंदन, तुमचीही साधना सुरू आहे. साक्षीदार म्हणून तुमच्या घरात सही कुणाची घ्यायची, तेवढं नाव कळवा.